फौजदारी बचावातील ‘विशेषज्ञ’ : प्रमाणपत्राची एक चिकित्सा

अमेरिकेत कॅलिफोर्निया (१९७३) व टेक्सास (१९७४) या राज्यांनी वकिलांना विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र देण्यास आरंभ केला. दोन्हीकडे पहिल्याच विषयांत फौजदारी कायद्याचा समावेश होता. किमान पाच वर्षांचा व्यवसाय, खटल्यांचा अनुभव, न्यायाधीश व सहव्यावसायिकांचे अभिप्राय, लेखी परीक्षा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण, असे टेक्सासचे निकष आहेत. हृदयविकारासाठी आपण हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, मग खुनाच्या आरोपात खरेदीखते करणाऱ्या वकिलाकडे का जावे, असा युक्तिवाद यासाठी केला जातो. प्रस्तुत लेखकास हे साधर्म्य अपुरे वाटते. ऐपत असलेला रुग्ण डॉक्टर निवडतो. निर्धन आरोपीस वकील नेमून दिला जातो.

या संदर्भात कॅल्विन बर्डाइन याचा खटला पाहण्यासारखा आहे. १९८४ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे त्यास देहदंड झाला. सुनावणी चालू असताना त्याचा नियुक्त वकील वारंवार झोपी जात असे, हे पुढे ज्यूरीतील व्यक्ती व न्यायालयीन लिपिक यांच्या साक्षींतून सिद्ध झाले. तरीही वकील नेमका कोणत्या क्षणी झोपला व त्यामुळे काय बिघडले हे दाखविता येत नाही, या कारणास्तव २००० मध्ये अपिलीय न्यायालयाच्या खंडपीठाने त्याच्या विरोधात निकाल दिला. २००१ मध्ये पूर्णपीठाने तो फिरविला. प्रमाणपत्राची योजना त्या राज्यात खटल्याच्या दहा वर्षे आधीपासून अस्तित्वात होती. परंतु ती ऐच्छिक होती व आहे. प्रमाणपत्र नसणाऱ्यास ती न्यायालयाच्या दारात अडवीत नाही. तिचा उपयोग मुख्यतः फी देऊ शकणाऱ्या अशिलास होतो.

भारतात स्थिती जवळजवळ उलट आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार विशिष्ट कामातील विशेषज्ञता नामफलकावर दर्शविता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने केवळ संकेतस्थळावर कार्यक्षेत्र नमूद करण्याची मुभा मिळाली. गुणवत्तेचा प्रश्न मग न्यायालयांपुढे येतो. अनोखीलाल प्रकरणात ज्या दिवशी न्यायमित्र नेमला त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली आणि सुमारे पंधरवड्यात देहदंडाचा निकाल लागला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला व जन्मठेप वा देहदंड संभवतो अशा खटल्यांत किमान दहा वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलांचाच विचार व्हावा, असे सांगितले.

दहा वर्षे हा काळाचा निकष आहे, कौशल्याचा नव्हे. (सेवाज्येष्ठतेविषयी आपल्या प्राध्यापकवर्गाचा अनुभव याहून वेगळा नसावा.) २०२२ च्या विधिसेवा बचाव वकील योजनेत मुख्य वकिलासाठी सत्र न्यायालयातील किमान तीस खटल्यांचीही अट आली, ती अधिक स्वागतार्ह होय, तथापि खटल्यांची संख्या मोजली जाते, उलटतपासणी कशी घेतली हे कोणी पाहत नाही. येथे टेक्सासची परीक्षा व अभिप्राय यांचे अनुकरण करता येईल, मात्र ते नियुक्ती करणाऱ्या प्राधिकरणासाठी, नामफलकासाठी नव्हे. अनोखीलाल निर्णयातील दुसरी अपेक्षा, तयारीसाठी सर्वसाधारणतः किमान सात दिवस, हीदेखील तितकीच महत्त्वाची आहे. आरोपनिश्चितीच्या सकाळी हाती कागद आलेला प्रमाणित विशेषज्ञही साक्षीदाराला काय विचारणार?