‘मशीन्स’ पाहताना

वस्त्रोद्योगातील नीतिमूल्यांचा घटक वाचण्याआधी राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (२०१६) हा माहितीपट पाहा. गुजरातेतल्या एका कापड कारखान्यात तो चित्रित झाला आहे. निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही; आहे तो यंत्रांचाच आवाज. एक पोरगा कामावर उभ्याउभ्या पेंगतो आणि कॅमेरा त्याच्यावरून लवकर हलत नाही. बारा तासांची पाळी म्हणजे काय, ते तिथे कळते.

एक कामगार म्हणतो की, मी कर्ज काढून, स्वतःच्या मर्जीने इथे आलो, मग ही पिळवणूक कशी? इथे जरा थांबा. गावाकडे दुसरे काम नसताना दिलेली संमती कितपत मोकळी असते? दिग्दर्शक उत्तर देत नाहीत, आणि ते मला योग्य वाटते.

खटकते ते वेगळेच. रंगांची, वाफेची दृश्ये फार देखणी आहेत (२०१७ च्या सनडान्स महोत्सवात छायाचित्रणाला पुरस्कारही मिळाला), त्यामुळे डोळा सुखावतो आणि प्रश्न निसटतो. पॉलिएस्टर रंगवायला दाबाखाली साधारण १३० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी इंधन किती जळते, कापडावर न बसलेला रंग सांडपाण्यातून कुठे जातो, याचा हिशेब सिनेमा देत नाही. तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने स्वतः मांडायला हवा.

एका दृश्यात कामगार कॅमेऱ्याभोवती जमतात. तुम्हीही बाकीच्यांसारखे बघून निघून जाणार का, असा त्यांचा सवाल. जैन यांनी तो संकलनात कापलेला नाही.