‘ट्रान्झिट’मधील निर्वासित आणि कचेरी

आन्ना झेगर्स ह्या जर्मन लेखिकेची ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी १९४४ मध्ये प्रथम भाषांतररूपाने प्रसिद्ध झाली. १९४० मधील फ्रान्सच्या पराभवानंतर नाझी सत्तेपासून पळालेले निर्वासित मार्सेय बंदरात जहाजाची वाट पाहत आहेत, अशी तिची भूमिका आहे. लेखिका स्वतः १९४१ मध्ये त्याच बंदरातून निघून मेक्सिकोला पोहोचली होती.

ह्या कादंबरीतील कचेऱ्यांचे चित्रण वाचताना काफ्काच्या ‘द कॅसल’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. काफ्काची सत्ता अगम्य आहे. झेगर्सचा अधिकारी मात्र समोर बसलेला असतो आणि पुष्कळदा सौजन्याने वागतो. तरीही माणसे नष्ट होतात. ती का, हाच कादंबरीचा खरा विषय होय.

निर्वासिताला प्रथम गंतव्य देशाचा व्हिसा हवा. मग वाटेतील देशाचा मार्गस्थ व्हिसा, जहाजावरील जागा आणि फ्रान्सचा निर्गमन परवाना. प्रत्येकाची मुदत वेगळी. शेवटचा कागद हाती येईतो पहिला बाद झालेला असतो. शहरात राहावयाचे, तर शहर सोडण्याची तयारी सिद्ध करावी लागते! काराकासला नेमणूक मिळालेला वृद्ध वाद्यवृंदसंचालक ह्याच चक्रात फिरतो आणि अखेर मरण पावतो. प्रत्येक कचेरी आपल्यापुरती नियमाने वागते. सर्व कागद एकाच वेळी जुळतील की नाही, हे पाहणारा कोणीच नाही.

वाइडेल ह्या मृत लेखकाची कागदपत्रे निवेदकाकडे येतात आणि वकिलातीत त्यालाच वाइडेल समजले जाते. परिणामी दफ्तरात मृत मनुष्य जिवंत राहतो, आणि त्याची पत्नी मारी कचेऱ्यांच्या सांगण्यावर विसंबून त्याला शोधत फिरते. दप्तराची नोंद मृत्यूहूनही प्रबळ ठरते. मारीची वारंवार होणारी हुकाहुक काहीशी योजलेली वाटते, हे खरे. ज्याला जाण्याची फारशी ओढ नाही त्या निवेदकालाच परवाने मिळत जातात, हा उपरोध मात्र अचूक आहे. त्याची किंमतही आहे: ज्यांचे प्राण खरोखर संकटात आहेत, त्यांची व्यथा त्याच्या तटस्थ नजरेतून काहीशी दुरून दिसते.

हे सारे कल्पित मानून सोडून देता येत नाही. वॉल्टर बेन्यामिन ह्या विचारवंताजवळ अमेरिकेचा व्हिसा होता. फ्रान्सचा निर्गमन परवाना नव्हता. सप्टेंबर १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवरील पोर्तबौ येथे त्याला अडविण्यात आले, आणि तेथेच त्याने जीवन संपविले असे मानले जाते.

म्हणून ‘ट्रान्झिट’ला रूपककथा म्हणणे तिचे बळ कमी करणे होय. तिच्यातील भय गूढ नाही. ते तारखांच्या हिशेबातून निर्माण होते. क्रूर अधिकाऱ्यावर दोष ठेवता येतो. मुदतींच्या मेळातून उद्भवणाऱ्या मृत्यूचा जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न झेगर्स वाचकापुढे ठेवते व त्याचे सोपे उत्तर देण्याचे टाळते. ह्यातच कादंबरीचे मोठेपण आहे.