धूर दिसला की वणवाच?

वाढवण बंदरावरचे चार लेख मी नुकतेच ओळीनं वाचले. दोन बाजूचे, दोन विरोधातले. पण चारही एकाच हातचे वाटावेत असे. आधी सिद्धान्त, मग त्याचा विस्तार आणि शेवटी उदाहरणादाखल धरून आणलेला एक आदिवासी. बाजूचा लेखक म्हणतो, रोजगारानं मागासलेपण जातं, डहाणू मागास आहे, सबब बंदर हवं. विरोधक म्हणतो, आदिवासी निसर्गपूजक असतो, बंदरानं निसर्ग जातो, सबब आदिवासीला बंदर नको. प्रकल्प 76,220 कोटींचा. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ऑगस्टअखेर पालघरला पायाभरणी झाली. एवढ्या प्रकरणावरचा मराठी युक्तिवाद तीन विधानांत आटोपतो. डहाणूजवळच्या कैनाडच्या पाड्यावर बसून हे वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की हा 'आदिवासी' कोण, आणि त्याला विचारलं कोणी?

डी.एड. केलेल्यांना उद्गामी आणि अवगामी हे शब्द पाठ असतात. उदाहरणांकडून नियमाकडे जाणं ही पहिली रीत, नियमाकडून उदाहरणाकडे येणं ही दुसरी. तर्कशास्त्रवाले विगमन आणि निगमन म्हणतात. मराठी वैचारिक निबंधाला दुसऱ्या रीतीचा सोस पहिल्यापासून आहे. निबंधमालेत (1874) निकाल आधी लागलेला असतो, पुढे चालतो तो भाषेचा थाट. आगरकरांची गोष्ट वेगळी. जॉन स्टुअर्ट मिलचा हा वाचक तत्त्वाकडूनच निघतो, पण आपलं मूळ विधान उघड्यावर ठेवतो आणि हिंमत असेल त्यानं ते पाडावं म्हणतो. दि. य. देशपांड्यांनी 1990 मध्ये 'आजचा सुधारक' काढला तोही याच शिस्तीसाठी. निगमनाशी माझं वाकडं नाही. लपवून ठेवलेल्या गृहीतकाशी आहे. (ललित निबंध इथं विचारात घेत नाही, त्याला पाऊस पुरतो.)

मला आवडणारी वाट वेगळी आहे आणि ती याच डहाणू भागातून गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 मध्ये बोर्डीहून कोसबाडला आल्या. शिक्षणानं उद्धार होतो, सबब शाळा काढा, हे निगमन तेव्हाही तयार होतं. पण शाळा असूनही पोरं येत नव्हती. 'आदिवासींना शिक्षणाची आवड नाही' असा निष्कर्ष काढून मोकळं होता आलं असतं, आणि अनेक जण झालेही. या दोघींनी पोरं कुठं आहेत ते पाहिलं. एक गुरांमागे होता, एकीच्या कडेवर धाकटं भावंड होतं. मग कडेवरच्या पोरासाठी पाळणाघर, त्याला जोडून बालवाडी, बालवाडीला जोडून शाळा, अशी विकासवाडी उभी राहिली. गुराख्यासाठी शाळाच कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून'ची खरी ताकद मला याच रीतीत दिसते. मराठी समीक्षेनं मात्र त्या पुस्तकाला सेवाभावाचा हार घालून बाजूला बसवलं.

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे तर माझ्या मते मराठीतल्या उद्गामी युक्तिवादाचं शिखर आहे. आत्मकथन म्हणून ते गाजलं, 1972 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. युक्तिवाद म्हणून ते कुणी वाचलं? वेठ म्हणजे काय याची व्याख्या देऊन बाई थांबत नाहीत. लग्नासाठी जमीनदाराचं कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं, असा लग्नगडी आपल्यासमोर येतो. असे अनुभव एकावर एक रचत जातात आणि मग 'गुलामी' हा शब्द आपल्याच तोंडी येतो, बाईंना तो लादावा लागत नाही. बाईंनी नेतृत्व केलेल्या वारल्यांच्या लढ्यातली मागणीसुद्धा अशीच मोजून मापून आलेली होती. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ज्याच्या हातात विळा आहे त्यालाच हा आकडा सुचतो, सिद्धान्तातून तो निघत नाही.

न्यायशास्त्राचं जुनं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. धूर आहे, सबब अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगरउतारावर धूर दिसतो. गाडीच्या खिडकीतून बघणारा म्हणतो, वणवा, आदिवासी जंगल जाळतायत. गावातला म्हणतो, राब भाजतायत, भाताच्या रोपांसाठी. धूर खरा, अग्नीही खरा, पुढचा निष्कर्ष मात्र खोटा, कारण मधलं विधान पुण्या-मुंबईहून येताना सोबत आणलेलं होतं.

वारली चित्रांवरचे लेख घ्या. 'ही बायकांची कला, लग्नाच्या चौकापुरती', इथून प्रत्येक जण सुरुवात करतो. मग गंजाडचे जिव्या सोमा मशे या विधानात बसवायचे कुठे? पुरुष, लग्नघराबाहेर रोज चितारणारा, 2011 चा पद्मश्री. एका माणसानं सार्वत्रिक विधान मोडलं, तर विधान दुरुस्त करायला हवं. आमचे लेखक मशेंना 'अपवाद' म्हणतात आणि विधान तसंच पुढच्या लेखात वापरतात.

तेच वाढवणला. मासेमारी करणारा मांगेला, वरोर-चिंचणीकडे दागिन्यांच्या डाय बनवणारा कारागीर, चिकूवाडीतली मजूर बाई, पहाटेच्या लोकलनं कारखान्यात जाणारा कैनाडचा मुलगा, या चौघांना 'स्थानिक' या एका शब्दात कोंबलं की युक्तिवाद सोपा होतो आणि निकामीही. त्या मुलाला नोकरी हवी आहे आणि त्याच्या आईला जमीन, दोघं एकाच चुलीवर जेवतात. 'निसर्गपूजक' किंवा 'मागास' यांपैकी कोणत्या डब्यात हे घर भराल?

चार लेखांवरून अख्ख्या निबंधाला झोडपणं हेही घाईचं विगमन झालं, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. मग पाचवा लेख दाखवा, मी माझं विधान मागे घेतो. पण तो लेख लिहिणाऱ्यानं डहाणू स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याशी बोलून परत जाऊ नये. भातलावणीला यावं, पुन्हा कापणीला यावं, आणि आपल्या पहिल्या विधानाला छेद देणारी निदान दोन माणसं लेखात नावानिशी उभी करावीत. लेख मोठा होईल, उशीर होईल, संपादक कुरकुरेल. वारल्यांच्या लढ्याला तोंड फोडणारी झरीची परिषद मे 1945 मधली. गोदावरीबाईंचं पुस्तक आलं 1970 मध्ये.