पाककृतींची भाषा : नामे पाहुणी, क्रियापदे घरची

मराठीत पाककृतींचे लेखन विपुल होते; त्याच्या भाषेची समीक्षा मात्र क्वचितच होते. घरोघरी वर्षानुवर्षे हाताळले जाणारे मराठी गद्य म्हणून तरी या लेखनाचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा.

टीकाकार बहुधा परकीय नामांवर बोट ठेवतात. तो आक्षेप टिकण्याजोगा नाही. ‘बटाटा’ हा मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतला शब्द. ‘काजू’ आणि ‘अननस’ ब्राझीलच्या तुपी भाषेतले. ‘पाव’ तर थेट पोर्तुगीज. ज्या सत्तेचा अंमल नगर हवेलीवर १७८३ पासून १९५४ पर्यंत होता, त्या पोर्तुगीजांच्याच तोंडून हे शब्द पश्चिम किनाऱ्यावर रुजले. अमेरिकेतून आलेल्या मिरचीला आपण मिऱ्याच्या घराण्याचे नाव दिले. साबुदाण्यातील ‘साबू’ हा मलाय भाषेतला ‘सागू’. आपण खातो तो साबुदाणा मात्र अमेरिकेतून आलेल्या टॅपिओकाच्या कंदाचा. एकादशीच्या खिचडीत साबुदाणा, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा असे चार समुद्रापलीकडचे पाहुणे नांदतात आणि उपवास मोडत नाही. ‘बटाट्याची’ असे सामान्यरूप सहज होऊ लागले, तेव्हाच तो शब्द घरचा झाला. ‘पास्ता’ अजून उंबरठ्यावर आहे : कोणी ‘पास्ताचा’ म्हणतो, कोणी ‘पास्त्याचा’. त्यालाही अवधी द्यावा.

खरी हानी नामांची नसून क्रियापदांची आहे. जो पदार्थ आपल्याकडे नव्हता, त्याचे नाव बाहेरून येणारच; चुलीवरच्या क्रिया मात्र आपल्याकडे होत्या आणि त्यांची नावेही नेमकी होती. कांदा परततात, रवा भाजतात, पुरी तळतात, मोदक उकडतात, दूध आटवतात. प्रत्येक शब्दात पाणी, तेल आणि आच यांचा निराळा हिशेब आहे. आजच्या पुरवण्यांतील लेखक ‘फ्राय करा’ लिहितात, तेव्हा चमचाभर तेलावर परतावे की कढईभर तेलात तळावे, हे नवशिक्याला कळत नाही. ‘बॉइल करा’ या आज्ञेत उकळणे, उकडणे आणि शिजवणे ही तिन्ही एकत्र कोंबली जातात. शिवाय सर्वत्र एकच ‘करणे’ उरते. यात केवळ शुद्धतेचा प्रश्न नाही. सूचनाच सदोष होते.

या दृष्टीने जुने ग्रंथ पाहावेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ (१९१०) या ग्रंथाच्या नावातच ‘क्रिया’ आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप रूढ केले आणि माहेर-सासरपासून दूर संसार थाटणाऱ्या मुलींची मोठी सोय झाली. परमुलखात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको. स्वयंपाकघरात जे बोलले जाते, तेच नेटकेपणाने लिहिता येते, हा विश्वास अशा लेखनामागे असतो.

उलट आपल्या परिसरातले उदाहरण घ्या. वारली व कोकणा कुटुंबांची नागली आपल्या दाराशी पिकते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांसाठी जाहीर केले. तेव्हापासून तीच नागली ‘मिलेट’ किंवा ‘रागी’ अशी छापील पाकिटांतून आपल्याकडे परत येते. परके नाव घेण्यात उणेपणा नाही. पण दारचे धान्य त्याच्या नावाने ओळखता येऊ नये, ही मात्र खंत आहे.

म्हणून पाककृतींच्या नव्या पुस्तकाचे परीक्षण करताना त्यात परकी नामे किती, हे मोजू नये. क्रियापदे किती जिवंत आहेत, ते पाहावे. आपली नातवंडे गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. ‘परतणे’ आणि ‘तळणे’ यांतील भेद त्यांना शाळेत कोणी शिकवणार नाही. तो चुलीपाशी आणि अशा पुस्तकांतूनच टिकेल.