मोटारीचा प्रवाह आणि वाहकाचे माप : अमेरिकन विद्युत संहितेतील कलम ४३०.६ चे परीक्षण

अमेरिकेच्या 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड'मधील अनुच्छेद ४३० मोटारींविषयी आहे. त्यातील कलम ४३०.६ नुसार सर्वसाधारण मोटारीच्या वाहकाचे माप ठरविताना पूर्णभार प्रवाह नेमप्लेटवरून न घेता संहितेच्या तक्त्यातून घ्यावा लागतो. ओव्हरलोड संरक्षण मात्र नेमप्लेटवरील आकड्यावरूनच ठरते. एकाच मोटारीसाठी दोन प्रवाह मानणे विसंगत आहे, हा या तरतुदीवरील नेहमीचा आक्षेप होय.

४६० व्होल्ट, १०० अश्वशक्तीच्या थ्री-फेज मोटारीचे उदाहरण घेता येईल. (भारतातील ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मोटारींना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे उघड आहे.) तक्ता ४३०.२५० मध्ये तिचा प्रवाह १२४ अँपिअर दिला आहे. अखंड चालणाऱ्या एका मोटारीसाठी कलम ४३०.२२ नुसार वाहकाची क्षमता त्याच्या १२५ टक्के, म्हणजे १५५ अँपिअर हवी. ७५ अंश सेल्सिअसच्या स्तंभात १/० मापाच्या तांब्याच्या तारेची क्षमता १५० अँपिअर असल्याने १७५ अँपिअरची २/० तार घ्यावी लागते. नेमप्लेटवर ११५ अँपिअर असतील, तर त्याच हिशेबाने १४३.७५ येतात आणि १/० तार पुरते. १९९२ च्या ऊर्जा कायद्याने १९९७ पासून किमान कार्यक्षमतेचे बंधन आल्यानंतर अशी तफावत अपवादात्मक राहिलेली नाही.

तथापि आक्षेपात एक बाब निसटते. मोटार जळते, बदलली जाते. नळीतील तार मात्र तीच राहते. तितक्याच अश्वशक्तीची दुसऱ्या बनावटीची मोटार १२४ अँपिअर घेणारी निघाली, तर १/० तार नियमाला अपुरी ठरेल. तक्ता तारेच्या आयुष्याचा विचार करतो, ओव्हरलोड रिले समोरच्या मोटारीचा. सेवा-गुणक १.१५ असलेल्या या मोटारीचा रिले तक्त्यावरून लावल्यास तो १४३.७५ ऐवजी १५५ अँपिअरवर जाईल आणि हानी मोटारीचीच होईल.

खरा दोष अन्यत्र आहे. मिनिटाला १२०० फेऱ्यांहून कमी गतीच्या किंवा अधिक टॉर्कच्या मोटारी तक्त्याहून जास्त प्रवाह घेऊ शकतात, म्हणून तेथे संहिता नेमप्लेट ग्राह्य धरते. ते योग्यच. पण १८०० फेऱ्यांच्या मोटारीसाठी टाकलेल्या तारेवर पुढे तितक्याच अश्वशक्तीची मंदगती मोटार बसविली, तर तक्त्याचा आधार उरत नाही. कलमात नियमाचे कारणच नमूद नसल्याने बदली मोटार जोडणाऱ्या कारागिराला ही मर्यादा त्या मजकुरातून कळण्याची सोय नाही.