मुक्तछंद आणि मुक्त लेखन : खानदेशातील कवितेच्या संदर्भात

समकालीन मराठी कविता प्रामुख्याने मुक्तछंदात लिहिली जाते. त्यामुळे वृत्ताचे बंधन सुटले की लेखन आपोआप मुक्त होते, असा समज विद्यार्थ्यांमध्ये सहज रुजतो. खानदेशातील कवितेचा विचार करता हा समज तपासून पाहावा लागतो.

जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. काम करता करता त्यांनी रचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे टिकली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपात आली. ही रचना ओवीच्या घाटात बांधलेली असूनही कमालीची मोकळी आहे. या मोकळेपणाचे मूळ त्यांच्या घरातील बोलीत आणि स्वतःच्या अनुभवावरील विश्वासात आहे. फैजपूर येथे जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांनीही (१९०९-१९५६) यंत्रयुगातील माणसाची व्यथा मांडताना अभंगाच्या घाटाचा आधार घेतला. जुना छंद नव्या आशयाच्या आड आला नाही.

वाहरू सोनवणे यांची कविता मात्र छंद सोडते. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शहादा परिसर धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. आदिवासींचे दुःख इतरांनी व्यासपीठावरून सांगावे आणि आदिवासींनी ते केवळ ऐकावे, या रीतीला त्यांची कविता हरकत घेते. येथे मुक्तछंद ही आशयाची गरज आहे.

या तिन्ही कवींची रूपे भिन्न आहेत. समान आहे ते स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे धैर्य. लेखनातील आनंद या धैर्यातून येतो. अर्थात, बोली वापरली म्हणजे कविता सिद्ध होते असेही नाही. बहिणाबाईंच्या रचनेतील शब्दांची काटकसर ही कलादृष्टीचीच साक्ष आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. संदर्भासहित स्पष्टीकरण आणि प्रतिमांची यादी एवढ्यावर कवितेचे वाचन थांबले, तर विद्यार्थी कवितेविषयी लिहायला शिकतो, कविता लिहायला धजत नाही. अहिराणी, लेवा गणबोली वा भिलोरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीतील घरचा शब्द लाल शाईने खोडला गेला, तर मुक्तछंदही त्याला मुक्त करू शकत नाही. तो शब्द तेथे का आला, हे विचारण्यापासून समकालीन कवितेच्या अध्यापनाचा प्रारंभ व्हायला हवा.