टेंपल, शर्ली : प्रारंभीचे चित्रपट व त्यांचे मूल्यमापन

टेंपल, शर्ली : (२३ एप्रिल १९२८ – १० फेब्रुवारी २०१४). अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री व उत्तरायुष्यात राजनैतिक अधिकारी. जन्म कॅलिफोर्निया राज्यातील सँता मॉनिका येथे. १९३२ मध्ये लघुपटांतून तिने रूपेरी पडद्यावर प्रवेश केला आणि १९३४ पासून फॉक्स या चित्रसंस्थेची प्रमुख बालतारका म्हणून तिला जगभर लोकप्रियता लाभली. १९३५ ते १९३८ या चार वर्षांत अमेरिकन चित्रपटगृहचालकांच्या वार्षिक मतगणनेत ती सतत प्रथम क्रमांकावर होती. १९३४ मधील कामगिरीबद्दल तिला ऑस्करचे खास बालकलावंत-पारितोषिक देण्यात आले. हे पारितोषिक मिळविणारी ती पहिलीच कलावंत होय. १९५० मध्ये ती चित्रपटसृष्टीतून निवृत्त झाली. पुढे घाना (१९७४–७६) व चेकोस्लोव्हाकिया (१९८९–९२) या देशांत तिने अमेरिकेची राजदूत म्हणून काम केले. तिच्या प्रारंभीच्या चित्रपटांविषयी प्रेक्षकांची व समीक्षकांची मते मात्र आरंभापासूनच परस्परविरोधी आहेत. अभिनय बालिकेचा, पण कथा, दृष्टिकोण व हेतू प्रौढांचे, हे या चित्रपटांचे स्वरूप असून मतभेदाचे मूळही त्यातच आहे.

प्रारंभीचे लघुपट : एज्युकेशनल पिक्चर्स या संस्थेच्या ‘बेबी बर्लेस्क’ मालिकेत (१९३२-३३) सुमारे दहा मिनिटांचे आठ लघुपट होते. तत्कालीन गाजलेल्या चित्रपटांचे विडंबन लहान मुलांकडून करून घ्यावयाचे, ही त्यांची कल्पना. मुलांच्या कमरेला लंगोट व त्याला मोठी पिन, असा वेष असे. ‘वॉर बेबीज’ (१९३२) मध्ये शर्ली ही सैनिकांना भुलविणारी फ्रेंच नर्तकी होते आणि सैनिक मद्याऐवजी दूध पितात. येथे विनोद निर्माण होतो तो मुलांच्या स्वभावातून नव्हे, तर प्रौढांचे शृंगारिक चाळे मुलांवर लादण्यातून. आजच्या प्रेक्षकाला हे लघुपट अस्वस्थ करतात. या अस्वस्थतेला चित्रीकरणामागील वास्तवाचाही आधार आहे. ‘चाइल्ड स्टार’ (१९८८) या आत्मचरित्रात शर्लीने, चुकणाऱ्या मुलांना बर्फाची लादी ठेवलेल्या काळ्या पेटीवजा खोलीत कोंडले जात असे, असे नमूद केले आहे.

पूर्ण लांबीचे चित्रपट : ‘स्टँड अप अँड चिअर’ (१९३४) या चित्रपटातील एका नृत्यगीताने शर्ली प्रकाशात आली. मंदीने खचलेल्या राष्ट्राला हसविण्यासाठी सरकार करमणुकीचे खाते उघडते, हे त्याचे कथानक तिच्या पुढील सर्व कारकीर्दीचे सूत्रच म्हणता येईल. ‘लिट्ल मिस मार्कर’ (१९३४) मध्ये शर्यतीवरील पैजेसाठी बापाने बुकीकडे तारण ठेवलेल्या मुलीची भूमिका तिने केली. जुगाऱ्यांच्या सहवासात ती त्यांची रांगडी भाषा उचलते. तिचे हरवलेले बालपण परत यावे, म्हणून तेच जुगारी मध्ययुगीन सरदारांचे सोंग घेऊन तिच्यासाठी मेजवानी मांडतात. लघुपटांच्या रीतीची ही नेमकी उलटापालट होय. येथे पोरखेळ करण्याची पाळी प्रौढांवर येते. ‘ब्राइट आइज’ (१९३४) मध्ये श्रीमंत घरातील मोलकरणीची पोरकी झालेली मुलगी, तर ‘द लिट्ल कर्नल’ (१९३५) मध्ये दुरावलेल्या आजोबांना जिंकणारी नात तिने रंगविली. आईबापांविना वाढणारे मूल, कठोर मनाचा प्रौढ आणि अखेरचे मनोमीलन हा साचा पुढे वारंवार वापरला गेला. त्यामुळे कथानके लवकरच ठराविक झाली, हा आक्षेप रास्त आहे.

अभिनयगुण : शर्लीचे यश केवळ कुरळ्या केसांवर व खळ्यांवर अवलंबून होते, हे मत अपुरे आहे. समोरच्या पात्राचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणे, हा तिचा खरा गुण होय. स्वतःचे वाक्य संपताच अनेक बालनट निष्क्रिय होतात. शर्लीचा चेहरा मात्र दुसऱ्याच्या बोलण्याबरोबर बदलत राहतो. अडॉल्फ मेंजू किंवा लायनेल बॅरिमोर यांसारख्या कसलेल्या नटांसमोर ती टिकून राहते, ती यामुळेच. तालाची जाण हा तिचा दुसरा गुण. गोड हसणे आणि लाडिक हट्ट यांची पुनरावृत्ती हे तिचे दोष असून पटकथा दुबळी असेल तेथे ते विशेष जाणवतात.

समकालीन मते : मंदीच्या काळातील प्रेक्षकाला या चित्रपटांतून दिलासा मिळाला. मात्र बेकारी व दारिद्र्य यांची कारणे ते कधी शोधत नाहीत. धनिकाचे हृदय द्रवले की प्रश्न सुटतो. याहून वेगळा आक्षेप इंग्रज लेखक ग्रॅहॅम ग्रीन याने घेतला. ‘वी विली विंकी’ (१९३७) या चित्रपटाच्या परीक्षणात त्याने शर्लीच्या आकर्षणाचे मूळ बाल्यात नसून प्रौढ हावभावांत आहे, असे सूचित केले. त्यावर अब्रुनुकसानीचा दावा होऊन १९३८ मध्ये एकूण ३,५०० पौंड भरपाई ठरली. ग्रीनची टीका लघुपटांना लागू पडते. परंतु या विशिष्ट चित्रपटात शर्ली सैनिकी कवायत शिकणारी चिमुरडी असल्याने ती येथे अतिरेकी वाटते. किप्लिंगच्या मूळ कथेतील मुलाच्या जागी येथे मुलगी आहे. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील संघर्ष हा दोन वडीलधाऱ्यांतील गैरसमज असावा, तसा ती मिटविते. चित्रपटाची खरी उणीव साम्राज्यसत्तेच्या या भाबड्या चित्रणात आहे. ग्रीनच्या आक्षेपाभोवती माजलेल्या वादात ती झाकली गेली.

वर्णविषयक आक्षेप : ‘द लिट्ल कर्नल’मधील जिन्यावरील नृत्य हा या चित्रपटांतील सर्वश्रेष्ठ प्रसंग मानावा लागेल. कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन पायऱ्यांवर टॅप-नृत्याचे बोल वाजवितो आणि शर्ली त्याचा हात धरून ते शिकते. कृष्णवर्णीय पुरुष व गौरवर्णीय मुलगी यांचे हातात हात घालून केलेले नृत्य त्या काळी हॉलिवुडमध्ये अपूर्व होते. तथापि, या प्रसंगातही रॉबिन्सन घरचा नोकरच असतो; गुरुपद नृत्यापुरते टिकते. ‘द लिट्लेस्ट रेबेल’ (१९३५) मध्ये तर गुलाम आपल्या स्थितीत सुखी दाखविले असून लपण्यासाठी शर्ली तोंडाला काळे फासते. टोनी मॉरिसन हिच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीत एक कृष्णवर्णीय मुलगी शर्लीचे चित्र असलेल्या कपातून दूध पिण्यासाठी आसुसते, तर दुसरी तिचा तिरस्कार करते. एकच प्रतिमा कोणाला दिलासा, तर कोणाला न्यूनगंड देते, हे या कादंबरीने दाखवून दिले.

मूल्यमापन : दूरदर्शन व चित्रफितींमुळे पुढील पिढ्यांना हे चित्रपट बहुधा तुटक प्रसंगांतून परिचित झाले. त्यामुळे बालपणीच्या आठवणींनी भारावलेली स्तुती आणि एखाद्या दृश्यावरून केलेला सरसकट निषेध, असे दोन्ही प्रकार आढळतात. लघुपट व १९३४ नंतरचे चित्रपट यांत भेद करणे, तसेच बालिकेचे कौशल्य व तिच्याभोवती प्रौढांनी उभारलेली चौकट यांचा वेगवेगळा विचार करणे, यासाठी आवश्यक आहे. चौकटीचे दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; तिच्या कौशल्यासाठी ते दोष क्षम्य मानणेही तितकेच गैर ठरेल. जिन्यावरील नृत्यात हे दोन्ही एकत्र पाहावयास मिळतात : समान तालावर पडणारी दोघांची पावले आणि त्यांपैकी एकाच्या अंगावरील नोकराचा पोशाख. या दोहोंची एकाच वेळी दखल घेणाऱ्या प्रेक्षकालाच या चित्रपटांचा समतोल निर्णय करता येईल.